बिनसरसाची गिटार

ओरिवाल्दो त्रिंदादे यांना ग्वामा नदीच्या आमच्या काठावर सगळे वादो मेस्त्री म्हणत. मंगळवारी सकाळी ते गेले. तेव्हा मी हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर कॉफीच्या रांगेत होते. वर आले तर पलंगावरची चादर बदलणं चाललं होतं. पलंगाखाली त्यांची गिटार होती. नर्सनं ती पायानंच थोडी पुढे सरकवली.

"हे तुमचंच ना? घेऊन जा."

मी घेतली. माझ्या दुसऱ्या हातात कॉफीचे कप होते, एकात एक धरलेले. ते कुठे ठेवावेत हे मला कळेना.

मेस्त्री होड्या बांधायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे. खांबांवर उभं असलेलं त्यांचं घर, त्याला लागून पत्र्याची शेड, आणि शेडच्या तोंडाशी नदी. लाकडी लाँचा, मासेमारीच्या होड्या, काय असेल ते दुरुस्तीला यायचं. भरतीला होडी आत घ्यायची, ओहोटीला तिच्या पोटाखाली शिरायचं. पोरवयात लाकूड तासायचा वाकस निसटून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली होती. त्याआधी ते आणि त्यांचा मित्र लिंदोमार एकाच गिटारवर शिकत होते. नंतर गिटार लिंदोमारकडे राहिली. लिंदोमार नाचाच्या बँडमध्ये गेला. आमच्याकडच्या शनिवार-रविवारच्या नाचांत गाणारा नसला तरी चालतो, गिटार लागतेच. मेस्त्री शेडमध्ये राहिले.

मी याबद्दल त्यांना एकदा विचारलं होतं. "वाकस धरायला ती दोन नाही वाकली तरी भागतं," म्हणाले.

आमचं घर त्याच फळ्यांच्या वाटेवर, थोडं पुढे. मी विद्यापीठात साहित्य शिकत होते तेव्हा वाचायला त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसायची. तिथे वारा असायचा. मी मनातल्या मनात वाचते हे त्यांना आवडायचं नाही. "एकटी काय खातेस? आम्हालाही दे की," म्हणायचे. मग मी मोठ्यानं वाचायची. ते रंधा मारता मारता ऐकायचे आणि मध्येच थांबवायचे.

"हा माणूस आत्ता होडीत होता ना?"

"हो."

"मग बाजारात कसा? उतरला कधी?"

"ते लेखकानं सांगितलेलं नाही, मेस्त्री."

"होडी बांधली कुठे ते तरी सांगितलंय का? का दिली सोडून?"

शेवटी मला पदवी मिळाली. तेव्हा सगळ्यांत जास्त खूश तेच झाले होते. त्यानंतर मी पुस्तक न घेता नुसतीच जाऊ लागले.

लिंदोमारच्या गिटारी दुरुस्तीला मेस्त्रींकडेच यायच्या. आमच्या हवेत सरस टिकत नाही. आज चिकटवलेला जोड काही महिन्यांत उचलतो, मान वाकते, मानेवरचे धातूचे पडदे वर येतात. मेस्त्री पुन्हा चिकटवायचे. ते पुन्हा सुटायचं. एकदा एक जोड त्यांच्या डोळ्यांसमोर उघडला, तेव्हा त्यांनी सरसाचं भांडं उचललं, नदीत ओतून दिलं आणि माझ्याकडे वळले.

"आपण पाण्याशी भांडतोय, नाया. होडी भांडते का? होडी पाणी पिते आणि घट्ट बसते."

तिथून ते सुरू झालं. गिटार होडीसारखी बांधायची. मधून डोक्यापासून बुडापर्यंत एकच लांब लाकूड, होडीच्या कण्यासारखं. सगळ्या तारांचा ताण त्याच्यावर. दोन्ही अंगांना वाकवलेल्या फासळ्या, फासळ्यांवर पातळ फळ्या, फळ्यांना तांब्याचे खिळे. फटींत वाख, म्हणजे पिळलेले धागे, ठोकायचा, वर राळ. सरसाचा एक थेंबही नाही. हवा दमट झाली की फळ्या फुगणार, एकमेकींना दाबणार, आणि गिटार जास्तच घट्ट होणार.

पूर्ण वस्तीला विषय मिळाला. लोक शेडवरून जाताना विचारायचे, नांगर कुठाय, लाल दिवा कधी लावणार, प्रवासी किती बसतील. लिंदोमारचा तर रोजचा कार्यक्रम होता.

"वादो, वल्ही हिच्याबरोबर मिळणार की वेगळी घ्यावी लागणार?"

"तुला वाजवता येत नाही तिथे वल्हव."

"आणि बुडाली तर?"

"तुझी गाणी बुडतात तेव्हा आम्ही काही बोलतो का?"

झुईलाकाकू, मेस्त्रींची बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे ऐकायच्या. "आमच्या घरात दोन होड्या आहेत," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "एक तरंगते. दुसरीत माझा नवरा बुडालाय." त्या स्वतः होडीच्या घरातल्याच. त्यांचे वडील फटी भरणारे कारागीर. लहानपणी वाख पिळून द्यायचं काम त्यांच्याकडे असायचं.

पहिली गिटार भुंग्यासारखी घुं-घुं करायची. मेस्त्रींनी ती फोडली. दुसरीचा कणा पिळवटला. तिसरीसाठी त्यांनी एका मोडीत काढलेल्या लाँचचं जुनं लाकूड घेतलं. जे पिळायचं ते पिळून झालेलं लाकूड, म्हणायचे. तारांचा कंप पकडणारं कॉइलही त्यांनी स्वतः केलं. जुन्या टेलिफोनच्या घंटांमधली केसाहून बारीक तांब्याची तार सोडवून ती काकूंच्या शिलाई मशीनवर गुंडाळली. काकू मशीन चालवायच्या, मेस्त्री तार सोडायचे. तार तुटली की दोघं एकमेकांवर ओरडायचे. "यंदा माझ्या हातून एक फ्रॉक शिवून झाला नाही," काकू म्हणायच्या, आणि पुन्हा पाय चालवायच्या.

मेस्त्रींना हवं होतं ते एवढंच. लिंदोमारनं ती गिटार ॲम्पला लावून लोकांसमोर वाजवावी आणि आपण ऐकावी. लिंदोमारची एक अट होती. सूर धरला पाहिजे. "मैत्री मैत्रीच्या ठिकाणी," तो म्हणाला होता. "सूर उतरला तर लोक मला हसतील, तुला नाही."

तारा चढवल्या तेव्हा लिंदोमार नदीच्या वरच्या गावांत सणाच्या नाचांना गेलेला होता. मेस्त्रींनी त्या सुरात लावल्या. दुसऱ्या संध्याकाळी तपासल्या. उतरल्या नव्हत्या. तिसऱ्या संध्याकाळीही नाही. ॲम्प लिंदोमारकडे. मेस्त्री म्हणाले, येऊ दे त्याला. त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत दुखलं.

हॉस्पिटलात ऑपरेशनची वाट बघत राहावं लागलं. मेस्त्रींनी गिटार मागवून घेतली. पडद्यांची टोकं बोटाला लागत होती, ती पडल्या पडल्या घासून घेईन म्हणाले. वॉर्डात भुसा नको म्हणून नर्सनं कानस काढून घेतली. गिटार मात्र राहू दिली. ते ती पोटावर घ्यायचे आणि ताठ बोटांच्या हातानं मान धरून उजव्या अंगठ्यानं एकेक तार हळू छेडायचे. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा म्हणायचा, "काहीतरी पूर्ण वाजवा की राव." मेस्त्री म्हणायचे, "पूर्ण वाजवणारा गावाला गेलाय."

त्या वॉर्डात एसी होता. रात्रंदिवस. नातेवाईक घरून गोधड्या आणायचे. बाहेर अंगाला शर्ट चिकटायचा आणि आत ओठ फुटायचे.

एक दिवस मेस्त्रींनी तार छेडली आणि कपाळाला आठी घातली.

"उतरलीय."

त्यांनी खुंटी पिळली. दुसऱ्या दिवशी ती आणखी उतरली होती. मग फळ्यांच्या मध्ये रेघा दिसू लागल्या. मग एका रेघेतला वाख सैल होऊन बाहेर आला, जखमेतून कापूस यावा तसा. मेस्त्रींनी गिटार खिडकीसमोर धरली. फटींतून उजेड येत होता.

मला वाटलं ते चिडतील. ते हसले. आवाज न करता, छातीवर हात ठेवून.

"जन्मभर ओलीचाच विचार केला गं. कोरडं असंही काही असतं, हे डोक्यातच आलं नाही."

"घरी नेते मी."

"नको, राहू दे. इथून सुटलोच तर मीच नेईन." मग नर्सला हाक मारून म्हणाले, "बाई, तो एसी जरा बंद करता येतो का?"

"मेस्त्री, हा वॉर्ड आहे. तुमची शेड नाही."

"थोडाच वेळ."

"थंडी वाजतेय का?"

"मला नाही. हिला."

नर्सनं त्यांना आणखी एक पांघरूण आणून दिलं. ती गेल्यावर त्यांनी मला त्यांचा निळा टॉवेल भिजवून आणायला सांगितलं आणि तो गिटारला गुंडाळला. संध्याकाळी जमिनीवर पाणी सांडतंय म्हणून कुणीतरी तो काढून नेला. त्यानंतरच्या मंगळवारी ते गेले. ऑपरेशनची तारीख शुक्रवारची होती.

दफनाला लिंदोमार आला. बसमधून सरळ, पिशवीसकट. तो मोठा, जाड माणूस. दफनानंतर घरी तो काकूंसमोर उभा राहिला, पिशवी खांद्यावरच. काकूच बोलल्या.

"सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर सगळे घरी जेवायला येतील. तेव्हा ती वाजवायचीस."

"वहिनी, मी बघितली ती. एका बाजूनं बघितलं तर पलीकडचं दिसतंय. माझी दुसरी आणतो. त्याचं आवडीचं सगळं वाजवतो."

"तुझी दुसरी त्यानं बांधलीय का?"

"नाही."

"मग? त्याला ऐकायची होती ती ही. तो नाही ऐकू शकला. मी ऐकणार. फटींचं माझ्यावर सोड."

मला वाटलं त्या वाख आणि राळ घेऊन बसतील.

शनिवारी दुपारी मी चर्चमध्ये प्रार्थनेसाठी मेस्त्रींचं नाव देऊन परत आले. काकू शेडच्या शिडीवर सगळ्यात खालच्या पायरीला बसल्या होत्या. पाय पाण्यात होते. हातात दोर. दोर घराच्या खांबाला एक वेढा घालून पाण्यात गेला होता. भरती येत होती. पाण्याबाहेर फक्त गिटारच्या खुंट्या दिसत होत्या.

"काकू, हे काय?"

"दिसत नाही का? बुडवलीय."

"अहो, त्यात विजेचं काम आहे."

"वीज कुठाय? प्लग लावलाय का कुणी?"

मी वाकून पाण्यात बघितलं.

"वर येत होती सारखी," काकू म्हणाल्या. "पाठीला वीट बांधली तेव्हा गेली. माझा बाप सुकलेल्या होड्या अशाच ठिकाणावर आणायचा. एक रात्र बुडवायची, सकाळी उपसायची. फट दिसली की लोक राळ ओततात. सुक्यात राळ ओतली तर फळीला फुगायला जागा कुठे राहते? मग फळीच फुटते. आधी पाणी."

"पण ही गिटार आहे."

"हे तो सांगायचा तेव्हा तुम्ही सगळे हसत होतात. होडी, होडी म्हणून. आता मी होडी म्हणतेय तर तुम्हाला गिटार आठवली."

मी त्यांच्या वरच्या पायरीवर बसले. पाणी चहाच्या रंगाचं होतं. एक लाँच गेली, तिच्या लाटेनं खुंट्या बुडाल्या आणि परत वर आल्या. काकूंनी दोर थोडा सैल सोडला.

"निळा टॉवेल आणलास का तिथून?"

"नाही."

"राहू दे."

मला त्यांचा हात धरावासा वाटत होता की नाही, ते मला कळत नव्हतं.

रविवारी लिंदोमार ॲम्प पोचवायला आला तेव्हा गिटार शेडमध्ये सावलीत टांगलेली होती. खालच्या फळीवर थेंब पडत होते. त्यानं ॲम्प जमिनीवर ठेवला.

"हे कुणी केलं?"

"मी," काकू आतून म्हणाल्या.

"वहिनी! अहो, वादोचा जन्म गेला हिच्यात! तुम्ही एका रात्रीत हिची वाट लावलीत!"

"ओरडू नकोस. फटी बघ आधी."

लिंदोमारनं बघितलं. मग अंगठ्याचं नख एका जोडावरून फिरवलं. परत फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. त्यानं गिटार उलटी केली आणि पाठीवरूनही नख फिरवलं. मग तो होडी टेकवायच्या ओंडक्यावर बसला आणि मला म्हणाला, "स्क्रू-ड्रायव्हर दे."

मागची पट्टी उघडली तेव्हा आतून पाणी आलं, आणि पाण्याबरोबर नखाएवढी एक जिवंत कोळंबी. ती त्याच्या मांडीवर तडफडली. काकूंनी ती चिमटीत धरून नदीत टाकली. आवाज कमी-जास्त करायची बटणं आतून गंजायला लागली होती. प्लग बसायची जागा हिरवी पडली होती. लिंदोमारनं ते सगळं कापून काढलं. मग कॉइल बाहेर ओढलं आणि हातावर घेऊन बघत राहिला.

कॉइल दिसतच नव्हतं. ते राळेत बुडवलेलं होतं. काळा, गुळगुळीत गोळा. दोन तारांची टोकं तेवढी बाहेर.

"मेणात बुडवतात," लिंदोमार म्हणाला. "सगळे मेणात बुडवतात. पातळसं. हा माणूस..." त्यानं गोळा कानाजवळ नेऊन हलवला. "होडीचं बूड केलंय त्यानं याचं."

"पाणी गेलंय का आत?" मी विचारलं.

"मला काय माहीत? फोडून बघू का?"

त्यानं फोडलं नाही. प्लगची नवी जागा बसवली आणि कॉइलची टोकं सरळ तिलाच डाग देऊन जोडली. मध्ये बटण नाही, काही नाही. नव्या तारा चढवल्या. ॲम्प लावून बघू या, असं तो म्हणाला. काकूंनी नको म्हटलं. "उद्या. सगळ्यांसमोर. वाजली तर वाजली."

"आणि नाही वाजली तर?"

"तर माझी पाळी. मग सगळ्यांनी मला हसा."

सोमवारी चर्चमध्ये पाद्रींनी त्या आठवड्यातल्या सगळ्या मृतांची नावं एका दमात वाचली. मेस्त्रींचं नाव मधे कुठेतरी आलं. मी बाकाच्या कडेवर नजर ठेवली होती. तिथे लाकडाचा टवका उडालेला होता.

घरी माणसं मावत नव्हती. अर्धी फळ्यांच्या वाटेवर उभी होती. काकूंनी भात आणि कोळंबी केली होती, कसावा कंदाच्या पिठाची परात भरून ठेवली होती. शेजारणीनं आसाईच्या फळांच्या जांभळ्या गराचं भांडं आणलं होतं. लिंदोमारनं ॲम्प खुर्चीवर ठेवला, पट्टा गळ्यात घातला. शर्टाची गुंडी पोटावर सुटली होती. कुणीतरी मागून म्हणालं, "कप्तान, सुटायची वेळ झाली." कुणीतरी त्याला गप्प केलं.

त्यानं प्लग लावला. ॲम्पमधून घरघर आली. त्यानं तार छेडली. घरघरच राहिली. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, हातात पळी. लिंदोमारनं प्लग काढला, शर्टाला पुसला, परत लावला. तार छेडली. काही नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. लिंदोमारच्या कपाळावरून घाम नाकावर आला. त्यानं प्लग आत ठेवूनच बोटानं तो थोडा एका बाजूला दाबला.

आवाज आला. मोठा. परातीतलं पीठ थरथरलं.

त्यानं ॲम्पवरून आवाज कमी केला आणि एकेक तार तपासली. जाड, काळपट आवाज होता. रिकाम्या टाकीत कुणीतरी नीट गातंय, असा. तिसरी तार उतरली होती. त्यानं ती चढवली आणि गिटार हातात तशीच धरून थांबला. सगळे त्याच्याबरोबर थांबले. मग त्यानं ती परत छेडली. ती तिथेच होती. मग सहाही तारा एकदम. मग नाचाची एक जुनी चाल, सावकाश, इतकी सावकाश ती आमच्याकडे कुणी वाजवत नाही. दारातल्या म्हाताऱ्या बायकांचे पाय हलू लागले. त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते आवरले. चाल संपली. लिंदोमारनं पुन्हा एकेक तार बघितली, मान वाकवून.

"सूर धरलाय, वहिनी."

"म्हणजे झाली?"

"झाली."

"हाच आवाज? त्याला हाच हवा होता?"

लिंदोमारनं जरा विचार केला. "हे त्यालाच विचारावं लागेल," म्हणाला. मग म्हणाला, "पण माझ्याकडे असा दुसरा नाही."

"सर्दी झाल्यासारखा येतोय."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. काकू हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्या पुढे आल्या, गिटारच्या पोटावर हाताचा तळवा सपाट ठेवला आणि म्हणाल्या, "आणखी एकदा." त्यानं तीच चाल पुन्हा वाजवली. पूर्ण वेळ त्यांचा हात तिथे होता. शेवटची तार विझेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

"बास," त्या म्हणाल्या. "आता जेवा. भात गार होतोय."

मी ताटं वाढली. माझ्या हातून काही सांडलं नाही. लोक जेवले, बोलले, एक एक करून गेले. लिंदोमारनं गिटार शेडमध्ये टांगायला नेली, तेव्हा काकू ताटं गोळा करत होत्या.

"तिथे कशाला टांगतोस? घेऊन जा."

"मी? नको, वहिनी. तुमच्याकडे राहू दे. आठवण म्हणून."

"मला वाजवता येते का? आठवण टांगून ठेवायची असते का?" त्यांनी खरकटं नदीत टाकलं. "तुझ्या घरी एसी आहे?"

"एसी? पंखासुद्धा बंद पडलाय."

"मग ने."

लिंदोमार माझ्याकडे बघत उभा राहिला, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी ताट पुसत होते. त्यानं गिटार पाठीला लावली आणि ॲम्प उचलला. फळ्यांच्या वाटेवर त्याच्या वजनानं पाण्यातले खांब करकरत होते. पुढच्या घरातून कुणीतरी विचारलं, वाजली का. तो थांबून सांगू लागला.